चार्टर शाळा: नंबर लागतो, पण मूल टिकतं का?

पाटीपेन्सिल
परवा न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतच एका मित्राशी जुंपली. त्याच्या मते चार्टर शाळा गरीब मुलांसाठी वरदान. मी म्हटलं, असतील, पण त्यातल्या अवघड मुलांसाठी नाहीत.

भारतातल्या वाचकांसाठी: चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, बिनफीची, पण स्वतंत्र मंडळ चालवतं ती शाळा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला. पुढच्या वर्षी सेंट पॉलला पहिली शाळा निघाली, ती शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी. म्हणजे हेतू चांगलाच होता.

आता जीएओ या सरकारी तपासयंत्रणेचा २०१२ चा अहवाल बघा. २००९-१० मध्ये नेहमीच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक शाळा-मंडळाच्या) सरकारी शाळांत विशेष गरजा असलेली मुलं सुमारे ११ टक्के, चार्टरमध्ये ८. लॉटरी काही मूल बघून निघत नाही, मग बाकीची गेली कुठे?

एक मला माहीत आहे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्याचा नंबर लागला होता. दुसऱ्याच बैठकीत त्याचा आयईपी (कोणत्या सेवा द्यायच्या, त्याचा कायद्याने बांधलेला आराखडा) चाळत बाई गोड आवाजात म्हणाल्या, "याची सोय डिस्ट्रिक्टच्या शाळेत जास्त चांगली होईल." नाही असं कोणी म्हटलंच नाही. नाव आम्हीच काढलं. कागदोपत्री ती 'पालकांची निवड'.

चार्ल्सकाठ
वाचून वाईट वाटलं, तरी असहमत. ११ आणि ८ वरून मुलं हाकलली असं सिद्ध होत नाही. कित्येक पालक अर्जच करत नाहीत.

बॉस्टनच्या चार्टरांवर एलिझाबेथ सेट्रेन यांचा अभ्यास आहे. लॉटरीत नंबर लागलेली मुलं आणि हुकलेली मुलं, अशी तुलना. अर्ज दोघांच्याही पालकांनी केलेला, त्यामुळे 'तळमळीचे पालक' हा आक्षेप उरत नाही. चार्टरमध्ये 'स्पेशल एड' (विशेष शिक्षणाची गरज) हा शिक्का हुकलेल्यांपेक्षा जास्त मुलांवरून काढून टाकला गेला, आणि तरीही त्यांचे गुण हुकलेल्यांपेक्षा वाढले. एवढं असून २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी चार्टर वाढवायचा प्रस्ताव ६२ टक्क्यांनी पाडला! ज्यांच्या मुलांना चार्टरची गरजच नाही, अशा टाऊनांनीसुद्धा.

पॅराबाई
मी डिस्ट्रिक्टच्या शाळेत पॅरा आहे, म्हणजे वर्गातली मदतनीस. शिक्का कोणाचा निघतो हो? डिस्लेक्सिया (वाचायला अडचण), थोडाफार एडीएचडी (लक्ष न टिकणं). चार्टरचे जादा तास, कडक शिस्त यांनी अशा मुलांचं भलं होत असेल, मान्य. माझ्या वर्गात सहा जण आहेत. दोघं बोलत नाहीत, एकाला नळीतून अन्न द्यावं लागतं. 'विशेष गरजा' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका.

न्यू ऑर्लिन्स आठवा. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथल्या जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या. प्रत्येक शाळा आपापलं छोटं संस्थान. एकट्या शाळेला स्पीच थेरपिस्ट परवडणार कसा? २०१० मध्ये विशेष गरजांच्या मुलांचे पालक कोर्टात गेले, २०१५ मध्ये तडजोड होऊन वरून स्वतंत्र देखरेख बसवावी लागली. "डिस्ट्रिक्टमध्ये जा" म्हणायला तिथे डिस्ट्रिक्टच उरलं नव्हतं.

चार्ल्सकाठ
मग दोष चार्टरचा की पैशाचा? विशेष शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात इथल्या केंद्र सरकारने त्यासाठीच्या जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं कबूल केलं. आजतागायत एकदाही पूर्ण दिलेला नाही. आणि डिस्ट्रिक्ट काय कमी झुलवतं? वकील लावल्याशिवाय जागचं हलत नाही.

पाटीपेन्सिल, एक बोलू का, राग मानू नका. तुमच्या टाऊनची शाळा चांगली, म्हणून तुम्ही परत जाऊ शकलात. नेवार्कसारख्या गरीब शहरातल्या आईने परत कुठे जायचं?

खाडीपलीकडे
ठाण्याहून दोन पैसे. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या काही शाळा आकांक्षासारख्या संस्था चालवतात, तो जवळचा नमुना. लॉटरी म्हणाल तर आरटीईच्या २५ टक्के जागांची. भाचीचा तिथे नंबर लागला, पण 'विशेष शिक्षक आहेत का?' विचारल्यावर ऑफिसातले काका पंख्याकडे बघत बसले.

पाटीपेन्सिल
@चार्ल्सकाठ, नेवार्कचं लागलं. त्या आईला मी चार्टर सोड म्हणणार नाही, माझी तेवढी टाप नाही.

पण आमच्या राज्याचा एक नियम बघा. चार्टरमधल्या मुलाला खासगी विशेष शाळेची गरज आहे असं ठरलं, की तो खर्च घरच्या डिस्ट्रिक्टवर. मूल जितकं अवघड, तितका चार्टरचा हात मोकळा. निदान एवढं तरी करा: आयईपी असलेली किती मुलं वर्षाच्या मध्येच गेली आणि कुठे गेली, हे दर जूनमध्ये शाळेच्या दारावर लावा. गुणांचे फलक लावता ना, त्याच्याच शेजारी.

पॅराबाई
+१. आणि त्या फलकावर 'पालकांची निवड' असा रकाना नको.