‘व्हीलर डीलर्स’चे निवेदक आणि कार्यशाळा बदलत गेल्या, जुनी गाडी घरी असलेल्याने कोणत्या काळातले भाग पाहावेत?

पद्मिनीवाला, मुलुंड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन व्यवस्थित आहे, पण दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजांखालचे लांब पत्रे) गंजले आहेत आणि चालकाच्या पायाखालची मॅट उचलली की पत्र्यातून खालचा रस्ता दिसतो. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे काम करून घ्यायचे आहे. मिस्त्रींशी बोलण्याआधी आपल्याला काही कळावे म्हणून मी ‘व्हीलर डीलर्स’ ही जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकण्याची ब्रिटिश टीव्ही मालिका पाहायला घेतली, परंतु भाग जसे सापडले तसे पाहिल्यामुळे माझा गोंधळ उडाला आहे. एका भागात नारिंगी हातमोजे घातलेले अतिशय उंच गृहस्थ इंग्लंडमधल्या गॅरेजमध्ये काम करतात, दुसऱ्या भागात कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात वेगळेच गृहस्थ असतात, आणि तिसऱ्यात गाडी पुन्हा इंग्लंडमध्ये येते तेव्हा मिस्त्री तिसराच असतो. गाडी विकत घेणारे माइक ब्रूअर मात्र सगळीकडे तेच आहेत.

हे बदल केव्हा आणि का झाले, हे कोणी नीट सांगेल का? केवळ कुतूहल म्हणून विचारत नाही. काही भागांत पत्र्याचे काम टप्प्याटप्प्याने दाखवतात आणि काही भागांत एका गाण्याच्या चालीवर सगळे आटोपते, असे मला वाटले. हा फरक माणसामुळे पडला, जागेमुळे पडला की निर्मात्यांच्या धोरणामुळे, हे कळले तर माझ्या कामाचे भाग निवडता येतील.

जुना प्रेक्षक, गोरेगाव

आपल्याला वाटलेला फरक खरा आहे, आणि मालिकेतल्या सर्वांत मोठ्या बदलाचे मूळही नेमके त्यातच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मालिका २००३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. ब्रूअर गाडी हेरून, घासाघीस करून विकत घेणार, एड चायना ती दुरुस्त करणार आणि शेवटी ब्रूअर ती विकणार, अशी साधी मांडणी होती. सुरुवातीचे भाग अर्ध्या तासाचे होते, पुढे ते तासाभराचे झाले. नारिंगी हातमोजेवाले उंच गृहस्थ म्हणजेच एड चायना. सोफ्याला इंजिन बसवून तो रस्त्यावर चालवणारा हा माणूस आहे, आणि अशा चालत्या फर्निचरसाठी त्यांच्या नावावर गिनीज विक्रमही नोंदले गेले आहेत. असे असूनही कार्यशाळेत त्यांनी कधी दिखाऊपणा केला नाही. बोल्ट कुठला, तो का अडकला, तो तुटला तर पुढे काय करायचे, हे ते क्रमाने सांगत. ब्रिटनमधल्या अट्टाबॉय या छोट्या निर्मितीसंस्थेने ही पद्धत अनेक वर्षे जपली.

अमेरिकेत मालिकेला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाल्यावर, एड चायना असतानाच, तिकडेही चित्रीकरण होऊ लागले. नंतर डिस्कव्हरीच्या व्हेलॉसिटी या अमेरिकी वाहिनीने निर्मितीची सूत्रे हाती घेतली. मार्च २०१७ मध्ये चायना यांनी मालिका सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्याचे कारणही स्वतःच सांगितले. त्यांच्या म्हणण्यानुसार मालिका आहे त्या स्वरूपात बनवणे नव्या निर्मात्यांना फार अवघड वाटत होते आणि कार्यशाळेतल्या दुरुस्तीचा तपशील त्यांना कमी करायचा होता. तो तपशील हाच मालिकेचा कणा आहे आणि तो काढून काम करणे आपल्याला पटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी अनेक चाहत्यांनी सगळा राग माइक ब्रूअर यांच्यावर काढला. ते मला अजिबात योग्य वाटले नाही, कारण वाद चित्रीकरणाच्या पद्धतीचा होता आणि तो निर्णय एकट्या निवेदकाच्या हातात नसतो.

त्याच वर्षी, चौदाव्या पर्वापासून, अँट अँस्टेड आले आणि मुक्काम दक्षिण कॅलिफोर्नियात पडला. २०२० मध्ये मालिका इंग्लंडमध्ये परत येत असल्याचे आणि मार्क प्रीस्टली हे नवे मिस्त्री असल्याचे जाहीर झाले. प्रीस्टली यांना ‘एल्व्हिस’ म्हणतात. ते पूर्वी मॅक्लॅरेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक होते. आपण पाहिलेले तिसरे गृहस्थ हेच.

निवडीपुरते सांगायचे तर आपण एड चायनांच्या काळातले, इंग्लंडमध्ये चित्रित झालेले तासाभराचे भाग आधी पाहावेत.

पत्र्याचे काम, कुर्ला

वरच्या प्रतिसादात माणसांचा इतिहास नीट आला आहे. मी गॅरेजच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या मते या मालिकेत मिस्त्री बदलण्यापेक्षा जागा बदलण्याचा परिणाम जास्त झाला आणि त्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष गेले नाही.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी सिलमध्ये, मडगार्डच्या आतल्या कडांमध्ये आणि फ्लोअरच्या जोडांत शिरते आणि गाडी आतून पोखरते. म्हणून तिथल्या भागांत जवळजवळ प्रत्येक गाडीखाली गंज निघतो आणि मिस्त्रीला पत्रा कापून नवा बसवावाच लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियात हवा कोरडी आणि रस्त्यावर मीठ नाही. तिथे उन्हाने डॅशबोर्ड तडकतो, रंग जळतो, रबर कडक होते, पण पत्रा शाबूत राहतो. तिथला मोठा प्रश्न धुराच्या चाचणीचा. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना त्या राज्यात ती चाचणी माफ आहे, त्यानंतरच्या गाड्यांना सहसा द्यावी लागते. साहजिकच तिथल्या भागांत कार्ब्युरेटर, इंधनप्रणाली, आतली सजावट यांवर भर येतो. हे मिस्त्रीच्या आवडीनिवडीमुळे घडत नाही, समोर आलेली गाडीच तसे काम मागते.

आता मुंबईचा विचार करा. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण समुद्राची खारी हवा बारा महिने आहे आणि चार महिने पाऊस आहे. सिलच्या खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की आत साचलेले पाणी महिनोन्महिने तसेच राहते. त्यामुळे आपली गाडी इंग्लंडच्या गाडीसारखी सडते आणि आपल्याला इंग्लंडमधलेच भाग उपयोगी पडतात. शिवाय तिथे स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडे असते, त्यामुळे पेडल, मास्टर सिलिंडर आणि लिंकेज बऱ्याच गाड्यांत आपल्या ओळखीच्या बाजूला दिसतात.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पद्मिनी ही मूळची फियाट ११००, आणि त्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे भार वाहणारा खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी आहे. त्यामुळे सिल हा शोभेचा पत्रा नसून गाडीचा भार वाहणारा भाग आहे. आपल्याकडे सर्रास काय करतात, तर गंजलेल्या भागावर फायबरची जाळी लावतात, वर लांबी (पुट्टी) भरतात, घासून रंग मारतात आणि गाडी चकाचक करून देतात. पहिला पावसाळा सरला की रंगाला फोड येतात, आणि तोवर आतला पत्रा आणखी खाल्ला गेलेला असतो. गाडी ताब्यात घेताना सिलवर साधे लोहचुंबक फिरवून पाहावे. जिथे ते धरत नाही, तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे.

खरे काम असे होते. आधी गाडी सपाट जमिनीवर समतल टेकवतात आणि दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप किंवा अँगल तात्पुरता वेल्ड करून ती बांधून घेतात, म्हणजे सिल कापल्यावर गाडी मधोमध खचत नाही. मग एकाच बाजूचा सिल कापायचा. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. चांगला, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत गंज कापत जायचे, पुठ्ठ्याचा साचा कापून नवा पत्रा त्या मापाचा वाकवायचा आणि ठिपक्या-ठिपक्यांनी टाका घ्यायचा. एक टाका पुढे, दुसरा मागे, तिसरा मध्ये, असे अंतर ठेवून टाके घेतले की उष्णता एका जागी साचत नाही आणि पत्रा लाटा घेत नाही. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा फार तापतो, म्हणून मिग (विजेवर, तारेने होणाऱ्या) वेल्डिंगचा आग्रह धरा. दरवाजा बंद करून त्याच्या चारी बाजूंची फट दर टप्प्याला तपासा. शेवटी जोडांवर सीलर, आतल्या पोकळीत मेण, आणि पाण्याची छिद्रे मोकळी. ब्रिटिश भागांत हा क्रम तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल, आणि तोच डोळ्यांत बसला पाहिजे.

शिवडीकर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण अँस्टेड यांच्याविषयी थोडे बोलणे आवश्यक वाटते. चायना गेले म्हणून रागावलेल्या प्रेक्षकांनी त्यांना नवखा ठरवून टाकले आणि तो त्यांच्यावर अन्याय होता. ते पूर्वी पोलीस दलात होते, पण गाड्या बांधण्याचे काम त्यांनी या मालिकेच्या कितीतरी आधीपासून केले होते, आणि ब्रिटनच्या चॅनल फोरवर अभिनेते फिलिप ग्लेनिस्टर यांच्यासोबत जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची मालिकाही केली होती. पत्र्याला आकार देण्यात त्यांचा हात अतिशय चांगला आहे. त्यांच्या भागांत तपशील कमी वाटतो तो संकलनामुळे. हाताने काम करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर किती मिनिटे द्यायची, हे तो माणूस ठरवत नाही.

प्रीस्टली यांचा पिंड वेगळा आहे. शर्यतीच्या गाडीवर वाढलेला मेकॅनिक मोजमाप, घट्ट करण्याचा क्रम आणि स्वच्छता यांकडे फार लक्ष देतो. पद्मिनीचे ब्रेक उघडायचे असतील तर त्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. चारही चाकांना ड्रम आणि जुने व्हील सिलिंडर असलेल्या गाडीत तीच शिस्त जीव वाचवते.

आणखी एक सुचवतो. ‘कार एसओएस’ ही ब्रिटिश मालिका २०१३ पासून चालू आहे. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड ही जोडी त्यात सुरुवातीपासून टिकून आहे. अडचणीत असलेल्या मालकाची गाडी त्याच्या नकळत नेऊन दुरुस्त करायची, अशी तिची कल्पना आहे. तिथे विक्रीचा हिशेब नसल्यामुळे गाडी अगदी सांगाड्यापर्यंत उघडतात आणि पत्र्याचे काम अधिक खोलवर होते. भावनिक प्रसंग तुम्हाला लांबलेले वाटतील, ते पुढे ढकलून कार्यशाळेचा भाग पाहावा.

पद्मिनीवाला, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. चासी वेगळी नाही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि त्यामुळे कामाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. एक शंका उरते. मालिकेत शेवटी जो नफा दाखवतात, तो पाहून आमच्या घरात ‘एवढ्याशा खर्चात होते, मग मिस्त्री इतके का मागतात’ असा प्रश्न निघाला आहे. त्यांचा हिशेब आपल्याकडे लागू होतो का?

पत्र्याचे काम, कुर्ला

लागू होत नाही, आणि हे घरच्यांना अवश्य सांगा. त्या हिशेबात गाडीची किंमत, सुटे भाग आणि बाहेरून करून घेतलेली कामे धरतात, पण मुख्य मिस्त्रीचे श्रम धरत नाहीत. चायना असोत, अँस्टेड असोत की प्रीस्टली, त्यांचे कित्येक तास फुकट मोजले जातात. ब्रिटनमध्ये मजुरी हाच सर्वांत मोठा खर्च असतो. तो धरला तर बहुतेक गाड्यांवर नफा उरणारच नाही. प्रेक्षकाने स्वतः हाताने काम करावे, अशा विचाराने ती मांडणी केलेली आहे, त्यामुळे तिथे ती योग्यच आहे.

आपल्याकडे गणित उलटे आहे. मजुरी तुलनेने कमी, पण तयार सिल किंवा फ्लोअरचा नवा पत्रा पद्मिनीसाठी सहज मिळत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाल्या, त्यामुळे या गाडीच्या भागांना असलेली रोजची मागणीही सरली. ब्रेकचे किट, क्लच प्लेट, रबर असे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधून मिळतील ते आत्ताच घेऊन ठेवा. पत्रा मात्र हाताने बनवावा लागेल, आणि हाताने सिल बनवणारे जुने डेंटर आता थोडेच राहिले आहेत.

मिस्त्रींना ठोक रक्कम विचारू नका. पत्र्याचे काम, वेल्डिंग, सीलर व अंडरकोट, आणि रंग यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या, आणि सिल बंद करण्याआधी आतून फोटो काढू देण्याची अट घाला. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका. गणपतीपर्यंत थांबू नका, कारण पावसाच्या दमट हवेत कापलेला पत्रा रात्रभर उघडा राहिला तरी सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. डिसेंबर ते मार्च हे महिने या कामाला सर्वांत चांगले.