निळू फुले : पाटलाच्या पलीकडे

अभिनेते निळू फुले, म्हणजे निळूभाऊ, हे पडद्यावरचे बेरकी पाटील, बाकी फार काही नाही, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही.

त्यांची घडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम सांभाळून ते लोकनाट्यं करत. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नाव झालं, त्यावरून 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) हा चित्रपट मिळाला. वगनाट्यात संवाद पाठ म्हणून भागत नाही. समोरच्याचं वाक्य ऐकून, प्रेक्षकाचा हशा ओसरेपर्यंत थांबून उत्तर द्यावं लागतं. ती थांबण्याची सवय पडद्यावर त्यांची मोठी ताकद ठरली.

'सामना' चित्रपटातला त्यांचा हिंदुराव पाहा. आवाज चढत नाही, उलट धमकी जितकी मोठी तितका स्वर खाली. नक्कल करणारे नेमके इथेच चुकतात: घसा खरवडतात, भुवया नाचवतात आणि मधला विराम गिळून टाकतात. विराम गेला की दरारा गेला, उरतो नुसता खोकला.

आता लगेच 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट लावा. दिगू टिपणीस हा पत्रकार बहुतेक वेळ फक्त बघतो, ऐकतो. खांदे पडलेले, हालचाल जवळजवळ नाहीच. म्हणून तर शेवटचं ते वेडं हसू अंगावर येतं.

आणि १९७२च्या 'सखाराम बाइंडर' नाटकातला त्यांचा सखाराम विसरू नका! त्याच्या घरात राहणारी चंपा साकारली लालन सारंग यांनी, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. शिवराळ, रांगडा, तरी स्वतःच्या नियमांनी बांधलेला असा माणूस निळूभाऊंनी उभा केला. त्याला खलनायक म्हणताच येत नाही.