नोंद ऐरोलीची, ठिपका डहाणूसमोर! कुणाला काही उमगतंय का?

खाडीकाठची (ऐरोली)
पक्षी-फुलपाखरांच्या नोंदी मी एका जैवविविधता नकाशाच्या साइटवर टाकते. नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच. पावसाळ्यानंतर त्यांनी नकाशा नवा केला आणि तेव्हापासून नुसता वैताग. येऊरला पाटोणपाड्याजवळ पाहिलेलं ब्लू मॉरमॉन फुलपाखरू वर्सोव्याच्या पश्चिमेला भर समुद्रात. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो डहाणूसमोर. पाण्यातला पक्षी आहे हो, पण एवढ्या खोल? नोंद उघडली की अक्षांश-रेखांशाचे आकडे अगदी बरोबर दिसतात: येऊर १९.२३५, ७२.९४ आणि ऐरोली १९.१५, ७२.९९. मदत कक्षाचं उत्तर आलं, "कॅशे साफ करा." केली, ब्राउझरने साठवलेली सगळी जुनी माहिती पुसली. लेकीच्या लॅपटॉपवरही तेच.

येऊरवाला
ताई, जागा मुद्दाम लपवत असतील. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या प्रजातींचा ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही टाकतात, म्हणजे वीस-बावीस किलोमीटर इकडेतिकडे.

खाडीकाठची
ब्लू मॉरमॉन २०१५ पासून राज्य फुलपाखरू आहे खरं, पण लिंबाच्या झाडावर अंडी घालणारं ते, त्यात लपवायचं काय? आणि तो डहाणूचा ठिपका ऐरोलीपासून नव्वदेक किलोमीटरवर आहे.

नकाशेबुवा (कोपरखैरणे)
लपवाछपवी नाही, गणित चुकतंय. एका अंशात ६० मिनिटं. तुमचं येऊर १९.२३५ म्हणजे १९ अंश १४ मिनिटं, ७२.९४ म्हणजे ७२ अंश ५६ मिनिटं. नवा नकाशा आधी अंश-मिनिटं करतो आणि मग मधे टिंब देऊन तेच दशांश समजून वाचतो: १९.१४, ७२.५६. झालं, वर्सोव्यासमोर समुद्र. ऐरोलीची गंमत वेगळी. १९.१५ म्हणजे १९ अंश ०९ मिनिटं, पण वाटेत पूज्य गळतं आणि उरतं १९.९. म्हणून थेट डहाणू. वाशीची एखादी नोंद आहे का? असेल तर वसईसमोर शोधा.

खाडीकाठची
अहो, वसईसमोरच आहे! मिनी सीशोअरचा राखी बगळा, १९.०७. मी आपली उगाच मोबाइलच्या जीपीएसवर संशय घेत बसले होते.

पारसिककर
त्यांची उतरवलेली फाइल तपासलीत का? माझ्या फाइलमध्येही समुद्रातलेच आकडे आलेत. ठिपका चुकला तर डोळ्यांना दिसतो, फाइल कोण बघतं? उद्या एखादा विद्यार्थी ती घेऊन बसेल आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या आपल्या ठाणे खाडीत त्याला एक फ्लेमिंगो सापडणार नाही.

खाडीकाठची
उतरवून पाहिली. ऐरोली १९.९, ७२.५९. कॅशे म्हणे!
आता तिन्ही नोंदी आणि हे गणित जोडून पुन्हा लिहिते. दुरुस्त होईपर्यंत नवं काही त्यांच्याकडे टाकणार नाही, वही आणि एक्सेल बरं. नकाशेबुवा, तुमचा मजकूर तसाच चिकटवला तर चालेल ना?

नकाशेबुवा
बिनधास्त. फक्त ऐरोलीचं उदाहरण पहिलं टाका, नाहीतर ते येऊरचं तेवढं दुरुस्त करतील आणि पूज्य तसंच गळत राहील.