जोगजात एकच दिवस, सोबत आई: मेरापी आणि देवळं कशी जमवू?

माशेलकरीण
नमस्कार. कामानिमित्त जाकार्ताला जातेय, आईही सोबत आहे. एक शनिवार मोकळा मिळतोय, तो योग्यकर्त्यात, म्हणजे जोगजात घालवायचा आहे. शुक्रवारी रात्री पोचणार, रविवारी पहाटे परत. आई अडुसष्ट वर्षांची. सपाटीवर भरपूर चालते, पण गुडघ्यांमुळे चढण जड जाते. गोव्यात आमच्या देवकीकृष्णाच्या देवळात रामायण ऐकत ती वाढली, त्यामुळे तिला प्रंबननची रामायण कोरलेली देवळं बघायचीच आहेत. मला मेरापी ज्वालामुखी बघायचाय. टूरवाले बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप, मेरापीची जीप, प्रंबनन आणि बाटिकचं दुकान असं सगळं एका दिवसात बसवून देतात. खरंच जमतं का?

पर्वरीकर
जमतं, धावपळ होते एवढंच. पण जोगजाला जाऊन बोरोबुदुर सोडणं मला तरी पटणार नाही. ५०४ बुद्धमूर्ती आणि भिंतींवर कोरलेल्या कथा असं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? वर चढायचं असेल तर वेगळं तिकीट आधीच काढून ठेवा, गाईडबरोबरच सोडतात.

सत्तरीकर
बोरोबुदुर थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. तरीही एकच दिवस असेल तर मी ते सोडीन. ते शहराच्या वायव्येला ४० किलोमीटरवर आणि प्रंबनन पूर्वेला १७ किलोमीटरवर. दोन्हीकडे गेलात तर निम्मा दिवस गाडीत जाईल आणि आईंना प्रत्येक ठिकाणी घाई करावी लागेल.

बांधकामाच्या नोकरीसाठी मी जोगजात राहिलो आहे आणि सुट्ट्या तिथल्या दगडांतच काढल्या. मेरापी, सांबीसारी, प्रंबनन या क्रमाने जा.

पहाटे निघा. ढग चढायच्या आत, सकाळी आठच्या आसपासपर्यंत डोंगर स्वच्छ दिसतो. शिखरावर जायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इशारा चारपैकी तिसऱ्या पातळीवर नेला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या दिवशीची पातळी बघून घ्या. शहराच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर कालिउरांग आहे, त्या बाजूने जीपवाले २०१० च्या उद्रेकात जळालेल्या गावांतून नेतात. आईंना जीपचे धक्के सोसणार नाहीत. त्यांना गाडीतून खालपर्यंतच न्या, डोंगर तिथूनही पुरेसा दिसतो. तुम्ही मात्र 'सिसा हार्ताकू' नावाचं घर बघाच. त्या घरात राखेच्या लोटाने जे उरवलं तेच मांडून ठेवलंय: वितळलेली भांडी, गुरांचे सांगाडे, आणि ५ नोव्हेंबर २०१० ला १२ वाजून ५ मिनिटांनी थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ. त्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. जोगजाच्या सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार म्बाह मारिजान २६ ऑक्टोबरलाच गेले, त्यांनी गाव सोडायला नकार दिला होता. गावाच्या राखणदार देवाला दरवर्षी नेमाने मान देणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. सुलतानाच्या वाड्यातून मेरापीला आजही दरवर्षी नैवेद्य जातो.

मग सांबीसारी. टूरवाले इथे थांबत नाहीत, तुम्ही ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. १९६६ मध्ये एका शेतकऱ्याचं कुदळ कोरीव दगडावर आपटलं आणि जमिनीखाली साडेसहा मीटरवर अख्खं शंकराचं देऊळ निघालं. मेरापीच्या राखेने आणि गाळाने ते पुरलं होतं. आज चारी बाजूंनी खणलेल्या चौकोनी खड्ड्यात ते उभं आहे. आत लिंग, बाहेरच्या कोनाड्यांत उत्तरेला महिषासुरमर्दिनी, पूर्वेला गणपती, दक्षिणेला अगस्ती. काठावर उभं राहून शेताची पातळी आणि देवळाचा पाया एका नजरेत बघा. ज्वालामुखी म्हणजे काय, हे मला डोंगरापेक्षा तिथे जास्त कळलं. आईंना खाली उतरायचं नसेल तर वरूनही सगळं दिसतं.

आपल्याकडे गोव्यात घरं चिऱ्याची, पण तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे. तो बेसाल्टही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जावातल्या देवळांचा अँडेसाइट, म्हणजे तिथला लाव्हाचा दगड, त्यापुढे अगदी ताजा. तांबडी सुर्ला डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर प्रंबननचा दगड वेगळाच दिसेल.

प्रंबननला तीनच्या पुढे पोचा, ऊन उतरलेलं असतं. शिवाचं देऊळ ४७ मीटर उंच, नवव्या शतकातलं, समोर नंदी. रामायण शिवाच्या देवळाच्या कठड्याच्या आतल्या अंगाला कोरलंय. पूर्वेच्या दारातून चढून प्रदक्षिणा घालत वाचायचं. सेतूपर्यंत कथा इथे आहे, पुढची शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळावर. पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, तेव्हा आईंना एकदाच चढवा, शिवाच्याच देवळात. सेतूच्या शिल्पात पाण्यातले मासे नीट बघायला सांगा.

माशेलकरीण
सत्तरीकरदादा, खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. ती आता माझ्याआधी सांबीसारीला जायला तयार आहे. आम्ही शाकाहारी आहोत, दुपारच्या जेवणाचं काय करावं? आणि संध्याकाळी रामायणाचं नृत्यनाट्य असतं म्हणतात, ते आईला झेपेल का?

डिचोलीची सून
जेवणाचं मी सांगते. गुदेग घ्या. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन् तास शिजवतात, तपकिरी रंगासाठी सागाची पानं घालतात. आपल्या कोवळ्या फणसाच्या भाजीपेक्षा बरंच गोड, पण आईंना ओळखीचं वाटेल. मात्र ताटात सोबत अंडं, कोंबडी आणि 'क्रेचेक' येतं. क्रेचेक म्हणजे गुरांच्या कातड्याचे तुकडे, तेव्हा ऑर्डर देतानाच तिन्ही नको म्हणून सांगा. तिथल्या मिरचीच्या चटणीत बऱ्याचदा सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, खारवलेला लगदा असतो, ती बाजूला ठेवा. टेंपे बिनधास्त खा, सोयाबीनचं असतं. आणि मेरापीच्या उतारावरचं सालाक फळ वाटेत नक्की घ्या, राखेच्या मातीत छान होतं.

सत्तरीकर
नृत्यनाट्य जरूर बघा. १९६१ पासून चालू आहे. संवाद नाहीत, सगळं नाचातून आणि गामेलानच्या वाद्यांतून कळतं, त्यामुळे आईंना भाषेची अडचण येणार नाही. दशावतार बघणाऱ्या माणसाला हनुमान लंका जाळतो तो प्रवेश विशेष आवडेल. साधारण मे ते ऑक्टोबर उघड्या रंगमंचावर होतं, पाठीमागे उजळलेली देवळं, मध्ये ओपाक नदी. ही नदीही मेरापीवरूनच येते. पावसाळ्यात शेजारच्या बंद नाट्यगृहात करतात. प्रयोग रोज नसतात, तेव्हा तुमच्या शनिवारी आहे का ते बघून तिकीट इथूनच काढा. प्रयोग साडेसातच्या सुमाराला सुरू होतो आणि दोनेक तास चालतो. नवीन विमानतळ शहरापासून बराच दूर आहे, पहाटेच्या विमानाची वेळ बघूनच रात्रीचा मुक्काम ठरवा.