ट्रेलरवर चढवताना होडी दर वेळी तिरकी बसते

खाडीकाठ:
नमस्कार. गेल्या दिवाळीत चौदा फुटी फायबरची होडी घेतली, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन. चिपळूणहून ट्रेलरवर ओढत धोपाव्याच्या बाजूला नेतो आणि दाभोळच्या खाडीत सोडतो. सोडणं जमतं. परत चढवताना मात्र मागची बाजू वाहत जाते आणि होडी ट्रेलरच्या फळ्यांवर तिरकी बसते. परवा चौथ्या खेपेला बसली, तोवर बायको कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभी. शिवाय उजव्या चाकातून कुरकुर येते. ट्रेलर किती खोल घालायचा? मे महिन्यात मुलाला न्यायचं आहे, त्याआधी नीट शिकायचं आहे.

दर्याकिनारा:
पहिलं सांगा, किती वाजता गेला होतात? मला वाटतं, ओहोटी लागल्यावर. खाडीचं पाणी तेव्हा नदीचंही पाणी घेऊन बाहेर धावतं. होडी आडवी जाणारच, त्यात तुमचा दोष नाही.

मी सोळा वर्षं रत्नागिरीजवळ हेच करतोय. माझा नियम एकच: पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी उतारावर हजर. तेव्हा ओढ मंदावलेली असते, आणि काही अडलं तर पाणी अजून चढतंय, होडी उचलून देतं. ओहोटीत अडलात तर पाणी सोडून जातं. उतार आठास एक असेल आणि पाणी दोन मीटर उतरलं, तर कड सोळा मीटर मागे सरकते. तिथे खाली शेवाळ असतं, गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात.

वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ, सकाळी आणि संध्याकाळीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचं कोष्टक बघाच. शिकायला अष्टमीच घ्या. भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं पण ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुलाला नेऊ नका, ही कळकळीची विनंती.

आता खोली. बहुतेक जण ट्रेलर फार खोल घालतात. मग होडी फळ्यांवर टेकतच नाही, नुसती तरंगते. आधी पूर्ण बुडवून फळ्यांवरचं कार्पेट भिजवून घ्या, मग गाडी पुढे घेऊन मडगार्डचा माथा पाण्याबरोबर येईल तिथे थांबा. हँडब्रेक, आणि गाडीच्या मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे. होडी ओढीच्या वरच्या अंगाने थोडी आणा, पाणीच तिला मधे आणून सोडतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढच्या रबराला टेकली की विंचचा (होडी ओढायच्या रहाटाचा) पट्टा आणि साखळी दोन्ही लावा. इंजिन वर उचलल्याशिवाय गाडी हलवू नका. ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर छातीएवढ्या उंचीचे पीव्हीसी पाइप उभे करा. ट्रेलर बुडाला तरी कडा दिसतात आणि होडी त्यांच्या आतच राहते. आणि वहिनींना पाण्यात उभं करू नका, ट्रेलरच्या मागे तर कधीच नाही.

कुरकुर बेअरिंगची. इतकं अंतर धावून हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, तापतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढून घेते. हबला हात लावून बघा, गार झाला की मगच उतरवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

दहाहजारतळी:
मी मिनेसोटात असतो, इकडे भरती-ओहोटी नाही, तळीच तळी. पण एक भर घालतो. इथे होडी रस्त्यावर नेताना तळातलं बूच काढून ठेवावंच लागतं, कायदाच आहे, म्हणजे एका तळ्यातले शिंपले दुसऱ्यात जात नाहीत. त्यामुळे पाण्याशी आल्यावर बूच लावायची आठवण ठेवावी लागते. मी एकदा विसरलो. सातव्या-आठव्या मिनिटाला मुलीचे बूट ओले झाले, म्हणून कळलं. तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीलाच बांधतो.

खाडीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. काल अष्टमी होती, सकाळी साडेपाचलाच उताराशी होतो. पाइप लावले होते. पहिल्याच खेपेला सरळ बसली, बायको वर कोरड्यात उभी राहून बघत होती. उजवा हब उघडला तर आत ग्रीस नव्हतंच, ताकासारखं पांढरं पाणी होतं आणि एक गोळी फुटलेली. आता दोन्ही चाकांची बेअरिंग आणि सील बदलतोय. बूच किल्लीला बांधलं आहे.

दर्याकिनारा:
छान. नवं ग्रीस भरताना जुनं रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, वरून भरू नका. आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा उघडून रंग बघा.