आमेन म्हटलं की फोन ठेवल्यासारखं
"पहाटे अर्धा तास शांत वेळ दिला की दिवसभर प्रभूची सोबत जाणवते" असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल आदरच आहे पण माझं तसं कधी झालंच नाही, प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हटलं की जणू फोन ठेवला, मग थेट रात्री झोपतानाच आठवण. आणि काही जाणवलं नाही की आपलाच विश्वास कच्चा असं वाटून अजून अपराधी.

ब्रदर लॉरेन्सबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. १७व्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात हा साधा मठवासी स्वयंपाकघरात राबायचा, आणि ते काम त्याला मुळात आवडायचंच नाही. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायचा हे सगळे कौतुकाने सांगतात, पण पहिली १० वर्षं फार त्रासात गेली हे त्यानेच पत्रात लिहिलंय ते कुणी सांगत नाही! मन भरकटलं तर स्वतःला कोसत न बसता परत देवाकडे वळायचं, एवढंच त्याचं म्हणणं. ते वाचल्यावर मी लांबलचक प्रार्थनेचा हट्ट कमी केला (सोडली नाही हां) आणि कामाच्या मध्येच एखादं वाक्य बोलायला लागलो, "प्रभू, आत्ता या माणसाचा जाम राग आलाय", इतकं साधं. अगदीच कोरडे दिवस असले की बायबलमधलं स्तोत्र ८८ काढतो, ते संपतंच अंधारात, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी बोलणं देवाशीच चाललेलं असतं.