मदत हवी आहे : घरकुल वसाहतीतील छोट्या दुकानांना रीतसर परवानगी कशी मिळवावी?

नमस्कार. जालना शहराच्या कडेला प्रधानमंत्री आवास योजनेतून झालेल्या एका वसाहतीत आम्ही राहतो. बहुतेक रहिवासी लोखंडाच्या कारखान्यांत पाळीने काम करतात आणि मोंढ्यातून किराणा आणायचा म्हटले तर रिक्षाभाडेच अंगावर येते. त्यामुळे तळमजल्यावर खिडकीतून विक्री करणारी दोन-चार दुकाने, एका घरी शिवणकाम आणि शेजारच्या काकूंकडे एक हॉर्सपॉवरची पिठाची गिरणी असे व्यवसाय उभे राहिले आहेत.

आता नोटिसा आल्या आहेत की, घराचा वापर निवासीच ठेवावा, अन्यथा वाटप रद्द करण्यात येईल. योजनेच्या अटीप्रमाणे घरे स्त्रियांच्या किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे असल्याने काकूंच्या नोटिशीवर त्यांचेच नाव आहे आणि त्यांनी धास्तीने गिरणीवर चादर टाकून ठेवली आहे. ३० चौरस मीटरच्या घरात दुकान थाटण्याची हौस कोणालाच नसते.

खरी गोम पुढेच आहे. वसाहतीच्या दर्शनी भागात गाळे बांधलेले आहेत. ते लिलावात बाहेरच्यांनी घेतले आणि शटर ओढून ठेवले. त्यांच्या पायरीवर सध्या भाजीवाली बसते. सरसकट मोकळीक द्यावी असे माझे म्हणणे नाही. जिन्याखाली वेल्डिंग सुरू झाले तर पहिली तक्रार मीच करीन. परंतु घरातील व्यवसायाला नियमांत कितपत जागा आहे, आणि बंद गाळे रहिवाशांना भाड्याने मिळावेत अशी मागणी कोणत्या आधारावर करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

गिरणी आणि किराणा हे प्रश्न वेगळे धरावेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत घरच्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता करावयाच्या पारंपरिक गृहव्यवसायांना निवासी विभागात मुभा आहे. त्यात शिवणकाम, भरतकाम यांचा उल्लेख आहे आणि यंत्र वापरल्यास एकूण वीजभार ०.७५ किलोवॅटच्या आत असावा लागतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४६ किलोवॅट, गिरणी अगदी काठावर बसते, म्हणून मोटारीवरील पाटीचे छायाचित्र उत्तरासोबत जोडावे. किराणा विक्री या तरतुदीत बसवणे अवघड आहे. महिना ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत महावितरण अशा घरांना घरगुती दरच लावते, परंतु वीजबिल घरगुती असणे ही वापराची परवानगी नव्हे. वाटपपत्रातील अटी मात्र आधी वाचाव्यात, त्या याहून कडक असू शकतात.

गाळ्यांसाठी माहितीच्या अधिकारात मंजूर आराखडा आणि लिलावाच्या अटी मागवाव्यात. ठरावीक मुदतीत वापर सुरू करण्याची अट त्यांत असेल, तर मागणीला तोच आधार होईल. अर्ज एकेकट्याने न करता संस्थेच्या ठरावासह करावा. भाजीवालीचा विषय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली महापालिकेच्या समितीपुढे स्वतंत्रपणे न्यावा.

नोटिशीला उत्तर देण्याची मुदत किती आहे, ते कळवावे.